सेनापतीची वस्त्रे : सीताबर्डी, १८१७ आणि आभासी वस्तूंचे मोल

थ्रेड.

२४ नोव्हेंबर १८१७. नागपूरचे राजे मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले आपल्या फौजेच्या तळावर गेले आणि पेशव्यांकडून आलेली वस्त्रे त्यांनी समारंभपूर्वक स्वीकारली. वस्त्रांसोबत ‘सेनापती’ हा किताब होता, जरीपटका होता. हिशेबाच्या वहीत मांडायचे तर थोडे भरजरी कापड, एक निशाण आणि एक शब्द. दोन दिवसांनी, २६ तारखेच्या संध्याकाळी, सीताबर्डीच्या टेकड्यांवर गोळीबार सुरू झाला. ६ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या तहानंतर नागपूरचे राज्य नावापुरतेच स्वतंत्र उरले.

त्या वस्त्रांचा नेमका उपयोग काय होता?

हा प्रश्न आज वेगळ्या रूपात विचारला जातो, आणि तोही त्याच टेकडीच्या पायथ्याशी. बर्डीच्या मेन रोडवर, व्हरायटी चौकाच्या आसपास उभ्या असलेल्या कोणत्याही कॉलेजच्या घोळक्यात मोबाइलवर खेळणारा एखादा तरी असतो. त्याने पैसे मोजून खेळातल्या पात्रासाठी पोशाख घेतलेला असतो, बंदुकीवर रंगीत ‘स्किन’ चढवलेली असते. त्या पोशाखाने थंडी जात नाही आणि स्किनमुळे नेम सुधारत नाही. घरातले वडीलधारे विचारतात, ‘हे घेऊन मिळाले काय?’ मुलाला उत्तर देता येत नाही, कारण प्रश्नातच उत्तर गृहीत धरलेले असते : ज्या वस्तूला हात लावता येत नाही, तिचा उपयोग शून्य.

अर्थशास्त्रात हा वाद जुना आहे. अॅडम स्मिथने १७७६ साली उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांत फरक केला आणि पाणी व हिरा यांचे उदाहरण दिले. पाण्यावाचून जगता येत नाही, पण त्याच्या बदल्यात फारसे काही मिळत नाही. हिऱ्याचा उपयोग नगण्य, पण त्याच्या बदल्यात पुष्कळ मिळते. स्मिथचे हे पुस्तक निघण्याच्या आदल्याच वर्षी नागपूरजवळ एका किताबासाठी सावत्र भाऊ एकमेकांवर चालून गेले होते. त्या किताबाला स्मिथच्या कोणत्या रकान्यात घालायचे, हे ठरवणे सोपे नाही.

अठराव्या शतकातली मराठी राज्यव्यवस्था अशा अमूर्त वस्तूंनी भरलेली होती. किताब, शिक्का, जरीपटका, चौरी, नौबत वाजवण्याचा अधिकार, दरबारात कुठे बसायचे याचा मान. यातली वस्त्रे, म्हणजे फारसी दरबाराची खिलत, ही सर्वांत बोलकी. ती हातात घेता येत होती, अंगावर चढवता येत होती. तरी तिचे मोल कापडात नव्हते. तसेच कापड बाजारातून विकत आणून कोणी अंगावर घातले असते, तर तो फार तर श्रीमंत दिसला असता. पेशव्यांनी धाडलेले घातले की तो पदाधिकारी होत असे. देणारा कोण आणि पाहणारे कोण, यावर सारे अवलंबून होते.

म्हणूनच १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांनी खिलत नाकारली, तेव्हा ते कापड नाकारत नव्हते. ती अंगावर घेणे म्हणजे ज्या रांगेत त्यांना उभे केले होते ती रांग मान्य करणे होते. दरबारातल्या प्रत्येकाला हे कळत होते, औरंगजेबालाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण १७९२ चे. महादजी शिंदे यांनी दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी ‘वकील-इ-मुतलक’ हे पद आणले आणि पुण्यात मोठ्या थाटाने ते सवाई माधवरावांना अर्पण केले. बादशहा शाहआलम तेव्हा आंधळा होता. १७८८ साली गुलाम कादिराने त्याचे डोळे काढले होते. त्याच्या हाती स्वतःचा लाल किल्लाही नीट नव्हता, त्याचे रक्षण महादजींच्याच फौजा करीत होत्या. म्हणजे किताब देणाऱ्याचे सामर्थ्य घेणाऱ्याच्या सरदाराकडून आलेले होते! तरीही नाना फडणवीसांना हा समारंभ खुपला. निव्वळ निरुपयोगी गोष्टीने नानांसारखा माणूस अस्वस्थ होत नसतो.

आता नागपूर. भोसल्यांचा किताब ‘सेनासाहेबसुभा’. छत्रपती शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, त्या वेळी त्यांना येऊन मिळालेल्या परसोजी भोसल्यांना तो मिळाला. पुढे १७३० च्या दशकात तो रघूजी भोसल्यांकडे आला आणि त्यांच्या काळात त्याचा दबदबा थेट बंगालपर्यंत गेला. १७५१ साली नबाब अलिवर्दीखानाने वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली, ओडिशाही भोसल्यांच्या ताब्यात गेला.

इथे किताब नेमके काय काम करीत होता, ते पाहण्याजोगे आहे. चौथाई वसूल करणारा घोडेस्वार आणि लूट करणारा घोडेस्वार यांच्या हातातली तलवार एकच. दोघांतला फरक कागदाचा, सनदेचा, किताबाचा. किताब असलेल्याशी नबाब तह करू शकतो, सावकार त्याला पुढच्या वसुलीच्या भरवशावर कर्ज देऊ शकतो, शिलेदार आपला घोडा घेऊन त्याच्या चाकरीत येतो. किताब नसेल तर तोच माणूस पेंढारी ठरतो. उपयोगमूल्य याहून वेगळे काय असते?

नागपुरात याचे आणखी एक रूप होते, आणि ते फारसे सांगितले जात नाही. देवगडच्या गोंड राजघराण्याकडून सत्ता रघूजींच्या हाती आली, पण गोंड राजा बुऱ्हाणशाहाला त्यांनी गादीवरून पूर्ण दूर केले नाही. तो नागपुरातच राहिला. त्याला उत्पन्नाचा वाटा होता, काही महसुली कागदांवर त्याचा शिक्का उठत असे, आणि भोसल्यांच्या गादीवर बसणाऱ्याला टिळा लावण्याचा मान त्याच्या घराण्याकडे राहिला. फौज नाही, खजिना नाही, फक्त टिळा. तरी तो टिळा भोसल्यांना हवा होता. ज्या मुलखात आपण उपरे आहोत तिथल्या रयतेला नव्या राजाची खूण पटवायची, तर ती खूण जुन्याच राजाच्या बोटाने उमटावी लागते, हे रघूजींना कळले होते. राज्यकर्ते म्हणून त्यांची ही जाण त्यांच्या बंगालच्या स्वाऱ्यांइतकीच दाद देण्याजोगी आहे.

रघूजी १७५५ मध्ये वारले. त्यानंतर सेनासाहेबसुभा कोणी व्हायचे यावरून जानोजी आणि मुधोजी या भावांत तंटा लागला. तो पुण्यात नेला गेला. पेशव्यांनी नजराणा घेऊन जानोजींना सेनासाहेबसुभा केले आणि मुधोजींची समजूत ‘सेनाधुरंधर’ या नव्या किताबाने काढली. नवा किताब घडवायला पेशव्यांना काहीच खर्च आला नाही, हे इथे ध्यानात ठेवले पाहिजे. खेळ बनवणारी कंपनी एक पोशाख तयार करते आणि त्याच्या लाखो प्रती विकते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की किताब फार वाटले तर त्यांची किंमत उतरते हे पेशव्यांना अनुभवाने ठाऊक होते.

१७७२ मध्ये जानोजीही गेले. आता साबाजी आणि मुधोजी हे भाऊ समोरासमोर आले. पुण्यात पेशवे बदलत होते. नारायणरावांच्या वेळी वस्त्रे एकाकडे, रघुनाथरावांच्या वेळी दुसऱ्या बाजूला. देणारा बदलला की मानकरी बदलत होता. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरच्या दक्षिणेला पाचगाव येथे लढाई झाली आणि साबाजी मुधोजींच्या पिस्तुलाच्या गोळीने ठार झाले. स्मिथच्या पुस्तकाच्या आदल्या वर्षीची घटना ती हीच.

यातून किताबाची दुबळी बाजूही दिसते. तो कधीच पूर्णपणे घेणाऱ्याच्या मालकीचा होत नसे. शेत कसणाऱ्याला शेत उद्याही पिकते. किताब मात्र दिला तोच हात काढून घेऊ शकत होता.

आता पुन्हा १८१७ कडे. आप्पासाहेबांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला होता. अशा तहाची अट ठरलेली : कंपनीच्या संमतीवाचून दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी राजकीय संबंध ठेवायचा नाही. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी भोसल्यांचा संशयास्पद मृत्यू झाला आणि आप्पासाहेब गादीवर आले. नोव्हेंबरात पेशव्यांची वस्त्रे नागपुरास पोहोचली.

तोवर पुण्यात काय घडले होते? ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली होती. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले होते. दुसरे बाजीराव राजधानी सोडून फौजेसह फिरत होते. म्हणजे २४ तारखेला आप्पासाहेबांनी ज्या पेशव्यांच्या नावाने सेनापतिपद अंगावर घेतले, त्यांच्या हातून पुणे आठवड्यापूर्वीच गेले होते. लष्करी हिशेबाने या किताबातून त्यांना एक घोडेस्वारही मिळणार नव्हता.

आप्पासाहेबांनी रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याला समारंभाचे आमंत्रण धाडले होते : स्वतः यावे किंवा कोणाला पाठवावे. हे आमंत्रण भाबडेपणाचे होते की धूर्तपणाचे, यावर वाद घालता येईल. बहुधा दोन्ही, मित्रत्वाचा बुरखा शेवटच्या क्षणापर्यंत टिकवायचा आणि जमलेच तर शत्रूलाच साक्षीदार करून घ्यायचे. जेन्किन्सने हरकत घेतली. जो पेशवा कंपनीशी लढतो आहे, त्याच्याकडून उघडपणे मान स्वीकारणे म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. तो इंग्रज होता, पण दरबाराची भाषा शिकलेला इंग्रज होता.

समारंभ झाला. २५ तारखेपासून रेसिडेन्सीचा संपर्क तोडला जाऊ लागला. कंपनीची फौज सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर आणली गेली. जेमतेम दीड हजारांच्या आसपास माणसे, कर्नल होपटन स्कॉटच्या हाताखाली. समोर इंग्रजी वृत्तांतांनुसार सुमारे १८ हजारांची फौज, तीत अरबांची कडवी पलटण. २६ च्या संध्याकाळी सुरू झालेली लढाई २७ च्या दुपारपर्यंत चालली. सकाळी अरबांनी धाकटी टेकडी घेतली आणि तिथली तोफ वरच्या टेकडीकडे वळवली. कॅप्टन फिट्झेराल्डच्या घोडदळाने मैदानात हल्ला चढवला, मग टेकडी परत घेतली गेली, आणि भोसल्यांची फौज मागे हटली. १६ डिसेंबरला नागपूर शहराजवळ पुन्हा लढाई होऊन उरलीसुरली आशाही संपली.

जेन्किन्सला लढाईचे निमित्तच हवे होते, वस्त्रे नसती तर दुसरे काही सापडले असते, असे म्हणता येईल. त्यात तथ्य आहे. कंपनीला मराठी सत्ता मोडायची होती. पण निमित्त म्हणून त्याने तोफा किंवा गुप्त पत्रव्यवहार यांच्याइतकेच महत्त्व एका समारंभाला दिले, यातच उत्तर आहे. तो समारंभ नागपूरच्या हजारो सैनिकांनी पाहिला. आपला राजा कोणत्या बाजूला आहे, हे त्यांना एका सकाळीत कळले. जरीपटका फौजेपुढे उभारला की पुढचा हुकूम समजावून सांगावा लागत नाही. कापड तेवढे काम करीत होते.

आभासी वस्तूंच्या उपयोगाविषयीचा वाद बहुतेक वेळा चुकीच्या जागी अडकतो, तो इथे. वस्तूत काय आहे हे तपासले तर हाती काहीच लागत नाही. ती पाहून इतर माणसे काय करतात, हे तपासावे लागते. आप्पासाहेबांची वस्त्रे पाहून एका बाजूने फौज जमली आणि दुसऱ्या बाजूने टेकडी लढवायला घेतली गेली. उपयोग होता, फक्त तो आप्पासाहेबांच्या पेटीत ठेवलेला नव्हता, लोकांच्या डोळ्यांत होता.

या कसोटीवर खेळातली स्किन आणि लिलावातले डिजिटल संग्राह्य चित्र, म्हणजे एनएफटी, यांत मोठा फरक पडतो, जरी दोन्हींना एकाच पिशवीत घालायची सवय झाली असली तरी. स्किनला तिचा दरबार आहे. रोज रात्री जमणारे तेच चार सवंगडी, तेच प्रतिस्पर्धी, आणि एखादा दुर्मीळ पोशाख पाहून ‘हा जुना खेळाडू’ असे ओळखणारी नजर. वडिलांना तो दरबार दिसत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही. उलट बहुतेक एनएफटी दरबारावाचून निघालेल्या सनदा होत्या. ट्विटरच्या जॅक डॉर्सीचे पहिले ट्विट मार्च २०२१ मध्ये सुमारे २९ लाख डॉलरना विकले गेले. विकत घेणाऱ्याने वर्षभराने ते ४ कोटी ८० लाख डॉलरच्या अपेक्षेने लिलावात काढले, तेव्हा मुदत संपताना सर्वांत मोठी बोली ३०० डॉलरपर्यंतही पोहोचली नाही. किंमत होती, सनद होती. ती पाहून वेगळे वागणारे कोणी नव्हते. केवळ पुढच्या गिऱ्हाइकाच्या आशेवर घेतलेल्या वस्तूला उपयोगाची वस्तू म्हणणे हा शब्दाशी केलेला खेळ होईल.

सरकारनेही आपला वाटा निश्चित केला आहेच. १ एप्रिल २०२२ पासून ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही. नजराण्याची पद्धत बदलली, हिशेब तोच.

पण दरबार असला तरी तो टिकेल याची हमी नसते. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले आणि पेशव्यांनी दिलेल्या किताबांमागचा हातच नाहीसा झाला. आप्पासाहेब मार्च १८१८ मध्ये पकडले गेले, मे महिन्यात वाटेतून निसटले, रानोमाळ भटकले आणि १८४० मध्ये जोधपूरला वारले. सेनापतीच्या वस्त्रांचा तिथे काहीच उपयोग झाला नाही.

आजच्या मुलांनीही हे अनुभवले आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जी मोबाइलवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला त्याची भारतातली सेवा थांबली. पैसे मोजून जमवलेले पोशाख एका दिवसात दिसेनासे झाले. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय नावाने खेळ परतला तेव्हा जुन्या खात्यातला ऐवज नव्याकडे नेण्याची सोय दिली गेली. जुन्या सनदा नव्या सत्तेकडून मंजूर करून घेण्याचाच हा प्रकार. १८१८ नंतर गावोगावचे वतनदार तेच करीत होते.

मग हात लावता येण्याजोग्या वस्तू तरी सुरक्षित असतात का? याचेही उत्तर सीताबर्डीनेच दिले आहे. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी वारले, दत्तक नामंजूर झाला आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८५४ मध्ये राजवाड्यातले हत्ती, घोडे, उंट, बैल सीताबर्डीला नेऊन जाहीर लिलावात विकले गेले. पाच-सहाशे जनावरांचे मिळून अवघे १,३०० पौंड आले. राण्यांनी गव्हर्नर जनरलकडे केलेल्या तक्रारीत एक तपशील आहे : शंभर रुपये किमतीची गाडीच्या बैलांची जोडी पाच रुपयांना गेली. जवाहीर कोलकात्याच्या बाजारात गेले. बैलांचा उपयोग कोणी नाकारणार नाही. ती जोडी दुसऱ्या दिवशीही तितकेच ओझे ओढत होती. तरी राज्य मोडल्यावर तिची किंमत पंच्याण्णव रुपयांनी उतरली.

आणि राजवाड्यातली वयोवृद्ध राणी बांकाबाई कशासाठी झगडत राहिली? जनावरांसाठी आणि दागिन्यांसाठी तर होतीच, पण त्याहून अधिक दत्तकासाठी, म्हणजे घराण्याचे नाव पुढे चालावे यासाठी. १८५७ च्या धामधुमीत तिने नागपूर शांत राखायला मदत केली. पुढे दत्तक जानोजींना इंग्रजांनी ‘देऊरचे राजेबहादूर’ हा किताब दिला, सातारा भागातल्या देऊरच्या इनामासह. सेनासाहेबसुभ्यापुढे हा किताब फारच लहान होता. पण बैल गेले ते परत आले नाहीत. नाव मात्र, घासाघीस करून का होईना, परत मिळवता आले. बांकाबाईचा हिशेब चुकलेला नव्हता.

अलीकडचा एक व्यवहार. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार विक्रीला आली आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर झालेल्या लुटीत ती इंग्रजांच्या हाती गेली असावी, असा कयास आहे. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिची मूठ मुल्हेरी घाटाची आहे, पण पाते युरोपीय बनावटीचे आहे, आणि तशी फिरंगी पाती त्या काळी मराठी सरदारांकडे पुष्कळ होती. हे पाते वेगळे ठरते ते त्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने, देवनागरीत लिहिलेल्या अक्षरांमुळे. तिथे रघूजींचे नाव आहे, आणि नावापुढे त्यांचा किताब : सेनासाहेबसुभा.